तोंडं कुणी बंद केली?

बाबांना गाडी चालवता येत नव्हती. लालबागला आमच्या चाळीच्याच तळमजल्यावर, मागच्या गल्लीत उघडणारं त्यांचं गॅरेज होतं, आठवड्याला सात-आठ गाड्या त्यांच्या हाताखालून जायच्या, पण दुरुस्त झालेली गाडी गल्लीबाहेर काढायची झाली की नानांना हाक मारावी लागे. नाना स्टिअरिंगवर बसत आणि बाबा शेजारी उभे राहून बॉनेटला कान लावत. त्यांचं सगळं शिक्षण कानाचं आणि बोटांचं. आधी ते गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर पुष्कळजण गावी गेले, काहींनी भाजीच्या गाड्या लावल्या. बाबांनी भंगारातून एक म्हातारा लेथ, धातू कातायचं यंत्र, उचलून आणला आणि चार महिने खपून तो चालता केला. नाना त्यांच्याच गावचे, मालवणकडचे, लहानपणापासूनचे दोस्त. नानांच्या आत्याचा कोळशाचा गाळा तिच्या मागे नानांच्या नावावर झाला होता. लेथ बाबांचा, गाळा नानांचा, अशी ती भागीदारी. कागद कसलाही नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम नानांचं, आणि न बोलता करायचं ते सगळं बाबांचं.

आमची खोली पहिल्या मजल्यावर, बरोबर गॅरेजच्या डोक्यावर. लेथ सुरू झाला की मांडणीवरची स्टीलची भांडी बारीक आवाजात बोलायला लागत. आईला त्याची इतकी सवय होती की मध्येच लेथ थांबला तर ती हातातलं काम सोडून खिडकीशी जायची. पलीकडच्या गल्लीत मसाल्याची कांडपं होती. मार्च-एप्रिलमध्ये मिरची कुटायला पडली की चाळीतली लहान पोरं, म्हातारी, मांजरं सगळी शिंकत असायची, आणि आई मात्र खोल श्वास घेऊन म्हणायची, ‘‘आज बेडगी असा वाटता.’’ एक वाजता ती कठड्यावरून खाली हाक मारी. मग बाबा आणि नाना आधी रॉकेलनं आणि मग साबण आणि लाकडाचा भुसा घेऊन हात घासत, कोपरापर्यंत, आणि वर येत. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुक्या जवळ्याची चटणी. नाना आमच्याकडेच जेवायचे. जेवताना ते गल्लीतल्या सगळ्या बातम्या सांगत आणि बाबा फक्त ‘हं’ म्हणत. माझ्या लहानपणी मला वाटायचं की प्रत्येक घरात दोन पुरुष असतात, एक बोलणारा आणि एक ऐकणारा.

मला भाऊ नव्हता. असता तर मला खाली पाऊल टाकू दिलं असतं का, हा प्रश्न मला आता पडतो, तेव्हा पडत नव्हता. मी सातवी-आठवीपासून दुपारी गॅरेजात जाऊन बसायची. बाबांनी मला कधी समोर बसवून शिकवलं नाही. ते काम करत आणि मी बघे. मग एक दिवस त्यांनी हात पुढे केला आणि मागायच्या आधीच मी बारा-तेराचा पाना त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी वळून बघितलं, बस्स. दुसऱ्या दिवशीपासून मला कामं मिळायला लागली. मॅट्रिक झाल्यावर सकाळी परळला टायपिंगचा क्लास आणि अकरापासून संध्याकाळपर्यंत गॅरेज, असा माझा दिवस ठरून गेला. एका दसऱ्याला नानांनी मला पान्यांचा अख्खा सेट आणून दिला, कापडाच्या गुंडाळीत घातलेला, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘ही आमची तिसरी पार्टनर हां!’’ त्या दिवशी हत्यारांच्या पूजेत माझ्या सेटलाही झेंडूचं फूल वाहिलं होतं. गिऱ्हाइकं सुरुवातीला हसायची. नंतर काही जण येऊन विचारायला लागली, ‘‘विजू आहे का?’’ विजू म्हणजे मी, विजया. कुणी माझं नाव घेऊन मला शोधत यावं, ह्यासारखं सुख मला पुढेही फार थोड्या वेळा मिळालं.

ज्या गाडीची ही हकिगत आहे ती गिरगावातल्या एका डॉक्टरांची. जुनी, परदेशी बनावटीची, करड्या रंगाची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. डॉक्टरांचं घराणं तिथलं जुनं. ते सावकाश, शुद्ध बोलायचे आणि बाबांनासुद्धा ‘अहो’ म्हणायचे. गाडी मात्र चालवायचे ते त्यांचे ड्रायव्हर, मोरूमामा. मोरेश्वर त्यांचं नाव, शीव कोळीवाड्यात राहायचे, पन्नाशीचे, अंगानं रुंद. गाडी आणायला आले की गॅरेजच्या दारातल्या बाकड्यावर बसून माझ्याशी गप्पा मारत. त्यांच्या बायकोनं दिलेली सोड्यांची, सुक्या कोलंबीची, पुडी बऱ्याचदा आईसाठी घेऊन येत.

त्या गाडीला हीटर होता. थंड मुलखात बनलेली गाडी ती, इंजिनातलं तापलेलं पाणी दोन रबरी पाइपांतून आत यायचं, डॅशबोर्डखालच्या छोट्याशा जाळीतून फिरायचं आणि परत इंजिनात जायचं. म्हणजे बसणाऱ्याच्या पायांना ऊब. मुंबईत पायांना ऊब कुणाला हवी? इतकी वर्षं ते पाणी उगाच फिरत होतं. आता ती जाळी कुजली होती आणि गरम पाणी डॉक्टरांच्या बायकोच्या साडीवर ठिबकायला लागलं होतं. तशी जाळी मिळणं शक्य नव्हतं, आणि गरजही नव्हती. हीटर काढून टाकायचा, दोन्ही पाइप काढायचे, आणि इंजिनावर जिथे ते जोडलेले असतात ती दोन तोंडं कायमची बंद करायची, एवढंच काम. बाबा मला म्हणाले, ‘‘तू कर. सगळा तूच कर.’’

ऐकायला हे काम क्षुल्लक वाटतं. तसं करणारे बरेच होते, अजूनही असतील. तोंडावर रबराची टोपी चढवायची, वरून क्लिप आवळायची, पाच मिनिटांत गाडी बाहेर. थंड इंजिनावर ती टोपी छान दिसते. पण आतलं पाणी नुसतं तापत नाही, ते दाबानं बाहेर यायला बघतं, आणि रबर रोज थोडं थोडं मऊ होत, फुगत जातं. एक दिवस चढावर ते फाटतं. पाणी गेलं की इंजिन भाजतं आणि त्याचं वरचं झाकण, हेड, वाकतं. म्हणून बाबांच्या गॅरेजात टोपी बसत नसे. नळीचं तोंडच काढून टाकायचं, आतले आटे साफ करायचे आणि तिथे घट्ट पितळी डमी बसवायची, मध्ये तांब्याचा वॉशर घालून. डमी म्हणजे बूचच, पण आट्यांचं, पान्यानं आवळायचं.

त्या दोन्ही डम्या मी स्वतः लेथवर काढल्या. बाबा मागे उभे होते. पितळेचा सोनेरी कीस माझ्या मनगटावर पडत होता, गरम, आणि मी हात हलवला नाही. पहिली डमी बिघडली. बाबांनी ती उचलून भंगाराच्या डब्यात टाकली आणि दुसरा तुकडा पुढे केला. दोन बरोबर निघाल्या तेव्हा त्यांनी अंगठ्यानं आटे चाचपले आणि म्हणाले, ‘‘बरा झाला.’’ बाबांच्या तोंडून ह्याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती. मी त्या बसवल्या, पाणी भरलं, इंजिन तासभर चालू ठेवलं, आणि सांध्यांवर कोरडा कागद दाबून बघितला. कागद कोरडाच राहिला. गाडीला अजून रंगाचं थोडं काम होतं, म्हणून ती गॅरेजातच राहिली. मी त्या शनिवारी वडाळ्याला मावशीकडे गेले, मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. रविवारी डॉक्टरांनी मोरूमामांना पाठवून गाडी नेली. सोमवारी संध्याकाळी मी परत आले तेव्हा तिची जागा रिकामी होती. आपलं काम रस्त्यावर गेलं ह्याचा मला अभिमान वाटला होता.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, सकाळी, डॉक्टर टॅक्सीनं आले. ते कधीच गाळ्याच्या आत येत नसत. त्या दिवशी सरळ आत आले, लेथपर्यंत. चेहरा पांढरा पडला होता. घाटात चढणीवर गाडीतून वाफ यायला लागली म्हणून मोरूमामांनी ती बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, आणि त्याच क्षणाला इंजिनावरचं बंद केलेलं तोंड उघडून उकळतं पाणी त्यांच्या मानेवर आणि उजव्या हातावर उडालं. इस्पितळात होते. इंजिन तर गेलंच होतं.

‘‘इंजिनाचं मी काही बोलत नाहीये,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘माझा माणूस भाजलाय. मला एवढंच सांगा, ती तोंडं कुणी बंद केली?’’

नानांनी बाबांकडे बघितलं. मला ते बघणं आज इतक्या वर्षांनी स्पष्ट दिसतं, तेव्हा मला ते दिसूनही कळलं नव्हतं. बाबांच्या हातात फडकं होतं. त्यांनी एकेक बोट पुसलं.

‘‘माझ्या मुलीनं,’’ ते म्हणाले.

‘‘हिनं?’’

‘‘हो,’’ मीच म्हटलं. ‘‘मी केलं काम.’’

खरंच होतं ते. मला दुसरं काय बोलता येणार होतं?

डॉक्टर मला काहीच बोलले नाहीत. बाबांना म्हणाले, ‘‘अहो, पोरीच्या हातात लोकांचे जीव देता?’’ नानाच पुढे झाले, हात जोडून. ‘‘चूक झाली डॉक्टरसाहेब. पोरसवदा आहे. ह्यापुढे ती गाडीला हात लावणार नाही, माझा शब्द.’’ डॉक्टर गेले. नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘जाऊ दे विजू. होता असा. तू जरा घरीच रव थोडे दिवस.’’ मी वर आले. खाली लेथ सुरू झाल्याचा आवाज आला आणि भांडी वाजायला लागली.

त्यानंतरचे तीन आठवडे मी माणसात नव्हते. दिवसभर मनातल्या मनात त्या दोन डम्या पुन्हा बसवत होते. वॉशर घातला होता का? घातला होता. दोन्हींना? पाना शेवटपर्यंत फिरवला होता का? शेवटचा अर्धा फेरा मला आठवे आणि लगेच वाटे, हे आठवतंय की मी मनानं रचतेय? स्वतःच्या हातांवरचा विश्वास जाणं ही फार वाईट गोष्ट आहे. टायपिंगच्या क्लासात अक्षरं चुकायची. आई ताट पुढे ठेवून म्हणायची, ‘‘चार घास खा गो. तू उपाशी रवान त्याचो हात बरो होवचो नाय.’’ बाबा त्याच पंक्तीला बसलेले असत. नाना त्या दिवसांत जेवायला येत नव्हते, त्यांच्या घरी काहीतरी काम होतं म्हणे. बाबा खाली मान घालून जेवायचे. माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मला वाटायचं, माझ्यामुळे त्यांची मान खाली गेली. एकदा मी म्हटलंसुद्धा, ‘‘बाबा, मी नीट आवळली होती हो. पण असेल राहिली.’’ त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, प्यायले, आणि उठून हात धुवायला गेले. हा प्रसंग लिहिताना आज माझा हात थांबतो. त्या एका मिनिटात ते काहीही बोलू शकले असते.

शेवटी मी मोरूमामांची माफी मागायला गेले. घरी सांगितलं नाही. शीव कोळीवाड्यात त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही, भाजलेला ड्रायव्हर म्हटल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. ओट्यावर त्यांची बायको बोंबील उलटे करत होती. तिनं मला ओळखलं नाही. मी नाव सांगितल्यावर तिचा चेहरा कडक झाला, पण तिनं बसायला पाट दिला. मोरूमामा आत खाटेवर होते. मानेची कातडी गुलाबी आणि ताणलेली, उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत, बोटं तेवढी बाहेर. मला बघून ते हसले, आणि त्या हसण्यानं मला रडू कोसळलं.

‘‘रडू नको ग पोरी. डोळे वाचले ना माझे? बस.’’

‘‘मामा, मी नीट आवळल्या होत्या. शप्पत सांगते. वॉशरपण नवे होते.’’

‘‘वॉशर कसला?’’ ते म्हणाले. ‘‘मी वाकून बघितलं तर रबराची टोपी फुगून कडेला चिरली होती. म्हटलं काय झालंय म्हणून तोंड जवळ नेलं, तर दुसरी टोपी उडाली. तोफेसारखी. पार चिंध्या झाल्या तिच्या.’’

‘‘टोपी?’’

‘‘टोपीच. काळी, क्लिपवाली. तूच लावली ना?’’ ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी खाटेवरून थोडं उठायचा प्रयत्न केला. ‘‘काय झालं? पाणी दे ग हिला.’’

मी त्यांच्या बायकोनं दिलेलं पाणी प्यायले. पहिली भावना सांगायची तर ती आनंदाची होती, आणि ह्याची मला लाज वाटत आलेली आहे. समोर भाजलेला माणूस, आणि माझ्या मनात एकच: माझ्या हातांनी हे केलं नाही. ती भावना जेमतेम ओट्यावरून उतरेपर्यंत टिकली. मी बसच्या रांगेत उभी राहिले आणि तिथे हिशेब जुळत गेला. डम्या मी बसवल्या. गाडी गॅरेजातून बाहेर पडली तेव्हा तिथे टोप्या होत्या. मधल्या दोन दिवसांत मी वडाळ्याला होते. गॅरेजात दोनच माणसं होती.

मी घरी न जाता गॅरेजात गेले. दुपारची वेळ, नाना कुठेतरी बाहेर गेलेले. बाबा लेथवर होते. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. त्यांच्या चालू कामात तसं करायची हिंमत मी कधी केली नव्हती.

‘‘बाबा, डॉक्टरांच्या गाडीच्या डम्या कुणी काढल्या?’’

त्यांनी विचारलं नाही की तुला कुणी सांगितलं. चष्मा काढला. ‘‘नानानं,’’ म्हणाले.

मग हळूहळू सगळं सांगितलं, एकेक वाक्य लांबून ओढून आणल्यासारखं. शनिवारी नानांची एक पार्टी आली होती, तसल्याच बनावटीची गाडी, तोच हीटरचा त्रास, आणि त्याच दुपारी गोव्याला निघायचं होतं. नाना त्या माणसाला नाही म्हणू शकले नाहीत. पितळेचा गज संपला होता. नानांनी डॉक्टरांच्या गाडीतल्या डम्या काढून तिकडे लावल्या आणि इकडे नळ्यांची जुनी तोंडं परत बसवून त्यांवर टोप्या चढवल्या, सोमवारी नवीन करून बसवू म्हणून. पण डॉक्टरांनी रविवारीच गाडी नेली.

‘‘तुम्ही होता तेव्हा?’’

‘‘मी जेवायला वर गेलो होतो. खाली आलो तेव्हा झाला होता.’’

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं. टोप्या लावून गाडी गेली ते माहीत होतं.’’

बाबांनी लेथखालचा खण उघडला आणि पत्र्याच्या डबीतून दोन नव्या डम्या काढून माझ्यापुढे धरल्या. ‘‘सोमवारीच केल्या,’’ ते म्हणाले. ‘‘नानाला सांगितला, फोन करून गाडी बोलाव. तो आज करतो उद्या करतो म्हणत होता.’’

इतक्या सुबक डम्या होत्या त्या. माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या. मी हात पुढे केला नाही.

‘‘आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझं नाव घेतलंत.’’

‘‘तोंडं बंद तूच केली होतीस,’’ बाबा म्हणाले. आणि मग, त्यांनाच ते ऐकून कसंतरी झालं असावं, भराभर बोलायला लागले. बाबांना मी इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ‘‘गाळा नानाचा आहे विजू. नानाचं नाव गेला तर गॅरेजचं नाव गेला. डॉक्टरांच्या ओळखीनं निम्मी गिऱ्हाइकं येतात. मी ह्या वयात लेथ घेऊन कुठे जाऊ? आणि तू काय, तू उद्या लग्न करून जाणार. तुझ्या नावाचा इथे काय अडणार आहे? पोरीकडून चूक झाली, लोक विसरतात.’’

मला राग यायला पाहिजे होता, तो नंतर आला, आणि मग पुष्कळ वर्षं राहिला. त्या क्षणी फक्त एवढंच कळलं की त्यांनी हे सगळं विचार करून ठरवलं होतं. घाबरून त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. तिघांपैकी कुणाचं नाव गेलं तर चालेल ते त्यांनी बघितलं होतं आणि माझं निवडलं होतं. ज्या नावानं गिऱ्हाइकं मला शोधत येत, ते नाव त्यांच्या लेखी दोन-चार वर्षांचंच होतं.

‘‘मामांचा हात मी भाजला असं मला वाटत होतं,’’ मी म्हटलं. ‘‘तीन आठवडे. तुम्ही रोज माझ्यासमोर बसून जेवत होता.’’

बाबांनी डम्या परत डबीत ठेवल्या. नाना तेवढ्यात आत आले, आमचे चेहरे बघितले आणि त्यांना कळलं. ‘‘विजू,’’ ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, ‘‘तू घरचीच ना गो? घरचा माणूस सांभाळून घेता.’’ ज्या माणसानं मला गल्लीसमोर पार्टनर म्हटलं होतं त्याचं हे बोलणं. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर नानांचा मला कधी फार राग आला नाही. निष्काळजी माणूस होता, आणि भित्रा. त्यांच्याकडून मला मुळात काही हवं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गिरगावात डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. रुग्णांच्या रांगेत बसले, माझा नंबर आला तेव्हा आत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर चष्म्यावरून बघत शांतपणे म्हणाले, ‘‘बाळ, मोरेश्वरनं मला टोपीचं पहिल्याच दिवशी सांगितलं. मी ती टोपी पाहिलीही. तू म्हणतेस की तू पितळी बूच बसवलं होतंस. ते कुणी पाहिलं?’’

‘‘बाबांनी. नानांनी.’’

‘‘परवाच तुझे वडील येऊन गेले इथे, मोरेश्वरची चौकशी करायला. मी त्यांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, मुलीनंच केलं होतं.’’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती, आणि तीच मला सहन झाली नाही. ‘‘मुलीचं नाव वाचवायला खोटं बोलणारे बाप मी पाहिलेत. मुलीवर खोटं घालणारा बाप असतो, हे मी कसं मानू? तूच सांग.’’

त्यांच्या जागी मी असते तर मीही मानलं नसतं. त्या इंजिनावर पितळी डम्या होत्या हे तीनच माणसांना माहीत होतं आणि त्यातली दोघं बोलणार नव्हती. मी नमस्कार करून बाहेर पडले आणि गिरगावातून लालबागपर्यंत चालत आले. संध्याकाळी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. पुष्कळ वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, ‘‘माका वाटलाच होता.’’ एवढंच. तिला कधीपासून वाटलं होतं ते मी विचारलं नाही. माझ्यात आणखी एक उत्तर ऐकायची ताकद नव्हती.

त्यानंतर मी त्या गाळ्यात कधी पाय ठेवला नाही. पान्यांचा सेट खालीच राहिला. सहा महिने एका वकिलाकडे टायपिंग केलं, पण बोटांना करमेना. मग कुणाकडून तरी कळलं की रे रोडला लाकडाच्या वखारींमागे ट्रकचं एक वर्कशॉप आहे, तिथे माणूस हवाय. मालक म्हातारे मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणत. मला बघून त्यांनी हिशेब लिहायला आली असेन असं धरलं. मी म्हटलं, इंजिनाचं काम करायला आलेय. हसले नाहीत. एक वॉटर पंप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ‘‘खोल के दिखाओ.’’ मी खोलला, बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं आणि परत जोडला. ते माझे हात बघत होते.

‘‘ये हाथ किसी उस्ताद का सिखाया हुआ है,’’ चाचा म्हणाले. ‘‘किससे सीखी, बेटा?’’

‘‘किसी से नहीं,’’ मी म्हटलं.

त्या वर्कशॉपमध्ये मी एकतीस वर्षं काढली. लग्न केलं, मुलगी झाली, आणि तरी काम सोडलं नाही. बाबा अधूनमधून नातीला बघायला यायचे, खाऊ आणायचे, आम्ही हवापाण्याचं बोलायचो. तो विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आमचं भांडण आहे असं कुणालाही बाहेरून दिसलं नसतं. एकदा मात्र मी नसताना ते वर्कशॉपवर आले होते, पावसापूर्वीच्या दिवसांत, आईनं पाठवलेलं कोकमाचं आगळ द्यायला. मला ते दुसऱ्या दिवशी चाचांकडून कळलं. चाचांनी त्यांना चहा पाजला होता. बाबा बराच वेळ बसून एका डिझेल इंजिनाचा आवाज ऐकत राहिले आणि उठताना म्हणाले, त्याचा तिसरा व्हॉल्व्ह बघा. तो बघितला तर खरंच जळलेला निघाला.

‘‘मैं समझ गया,’’ चाचा मला म्हणाले. ‘‘मैंने सीधा पूछा, विजया तो कहती है किसी से नहीं सीखी, पर उसे आपने ही सिखाया ना?’’

‘‘मग?’’

‘‘बोले, नहीं. वो अपने आप सीखी.’’

चाचांना ते मोठेपण वाटलं असावं, ते कौतुकानं मान हलवत होते. मी समोरच्या इंजिनात पुन्हा डोकं घातलं. बाबांनी माझं खोटं सांभाळून घेतलं होतं, माझ्या बाजूनं उभे राहिले होते, इतक्या वर्षांनी. पण मला ते नको होतं. कुणीतरी त्यांना सरळ विचारलं होतं, आजूबाजूला नाना नव्हते, गाळा नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं, जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. ‘हो, माझी मुलगी आहे, मी शिकवलं तिला’ एवढंच म्हणायचं होतं. ते खरं होतं, आणि तेही त्यांना बोलता आलं नाही.